कोल्ह्यानं मारलं की बडबड्यानं?

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक जण एक यादी करतो. मीही केली. लिनक्सवर चालणारे, मुक्त स्रोत असलेले आणि अंध व्यक्तींना खेळता येतील असे कॉम्प्युटर गेम. माझं संशोधन माहिती आवाजातून कशी मांडता येते यावर आहे. गेममध्ये माहिती सतत बदलते आणि चुकलं तर लगेच कळतं, म्हणून सुरुवात तिथून करावी असं ठरलं. यादीत तीन रकाने होते: गेमचं नाव, इन्स्टॉल कसा करायचा, आणि ‘अ‍ॅक्सेसिबल आहे का?’ या तिसऱ्या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’. यादी दोन पानांची झाली, गाईड मॅडमना दाखवली, आणि मी आठवडाभर फार खुशीत होते.

मग ती यादी मी शेजारच्या विभागात एम.ए. करणाऱ्या एका मित्राला दिली. तो लहानपणापासून अंध आहे. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू आणि ऑर्का हा स्क्रीन रीडर. त्यानं यादीतला ‘नेटहॅक’ निवडला, कारण त्याच्यापुढे मी ठसठशीत ‘हो’ लिहिलं होतं. अर्ध्या तासानं तो हेडफोन काढून म्हणाला, “ताई, मला कोल्ह्यानं मारलं की ह्या बडबड्यानं, तेच कळलं नाही.”

बडबड्या म्हणजे ऑर्काचा आवाज. त्या एका वाक्यानं माझा तिसरा रकाना निकालात निघाला. आज लिहितेय ते त्या रकान्याबद्दल, आणि अर्थात गेमबद्दलही.

आधी माझा तर्क काय होता ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण असाच करतील. नेटहॅक टर्मिनलमध्ये चालतो. टर्मिनलमध्ये फक्त अक्षरं असतात. स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो. म्हणून नेटहॅक अंध व्यक्तीला खेळता येतो. एकेक पायरी बरोबर वाटते ना? घोळ तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे आहे.

नेटहॅक हा 1987 सालापासून चालत आलेला गेम आहे. तुम्ही तळघरांच्या एका जंजाळात उतरता आणि पडद्यावर त्या तळघराचा नकाशा असतो, पण अक्षरांनी काढलेला. उभी रेघ आणि आडवी रेघ म्हणजे भिंत, टिंब म्हणजे जमीन, ‘अ‍ॅट’चं चिन्ह म्हणजे तुम्ही स्वतः. इंग्रजी लहान ‘डी’ म्हणजे कुत्र्याच्या जातीचा कुठलाही प्राणी. म्हणजे हे लिखाण नाहीच, हे अक्षरांनी काढलेलं चित्र आहे. रांगोळीचे ठिपके एकेक करून मोठ्यानं वाचून दाखवले तर ऐकणाऱ्याला मोर दिसेल का? तसंच हे.

आता त्या कोल्ह्याची गोष्ट. खेळाच्या सुरुवातीला बहुतेकदा तुमच्यासोबत एक पाळीव प्राणी असतो, कधी मांजराचं पिल्लू, कधी छोटा कुत्रा. त्याला कुत्रा मिळाला होता. कुत्रा ‘डी’. आणि सुरुवातीच्या मजल्यांवर टोळीनं येणारे कोल्हेही ‘डी’. डोळस खेळाडूला फरक रंगावरून कळतो: कुत्रा पांढरा, कोल्हा तपकिरी. ऑर्काच्या लेखी दोन्ही नुसते ‘डी’. माझा मित्र आपला कुत्रा जवळ आलाय या समजुतीत निवांत उभा. वरच्या ओळीत ‘चावलं’ असा संदेश येत होता, पण त्याच वेळी नकाशावरची चार-सहा अक्षरं आणि खालच्या ओळीतले आकडेही बदलत होते, आणि बडबड्या ते सगळं एका दमात म्हणत होता. कोल्ह्यानं मारलं हे त्याला शेवटी थडग्यावरून कळलं. नेटहॅकमध्ये मेलात की पडद्यावर अक्षरांनी काढलेलं थडगं येतं आणि त्यावर मृत्यूचं कारण असतं. तेही त्यानं ‘स्लॅश, स्लॅश, उभी रेघ’ असं बरंच ऐकून घेतल्यावर मधेच ऐकलं.

इथे मी दुसरी चूक केली. यादीत गेले आणि ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं.

तेही अन्यायाचंच होतं. नेटहॅकच्या मार्गदर्शिकेत अंध खेळाडूंसाठी गेम कसा जुळवून घ्यावा याचा वेगळा भाग आहे. तो मी वाचलाच नव्हता. (हो, इन्स्टॉल करून ‘चालतोय’ म्हणून टिक मारणारी मीच.) तो भाग वाचल्यावर कळतं की लिहिणाऱ्याला स्क्रीन रीडर खरंच माहीत आहेत. उदाहरणार्थ, बरेच बोलके वाचक पडदा चाचपायला कीबोर्डाच्या उजवीकडचा आकड्यांचा पॅड वापरतात. लिनक्सच्या कर्नलमधला ‘स्पीकअप’ हा त्यातलाच: आठ दाबलं की चालू ओळ, पाच दाबलं की शब्द, दोन दाबलं की एक अक्षर. आणि नेटहॅकमध्येही आकड्यांच्या पॅडनं चालायची सोय आहे. दोघं एकाच बटणावर हक्क सांगतात. मार्गदर्शिका सांगते की अशा वेळी खेळातली ती सोय बंद ठेवा आणि अक्षरांच्या बटणांनी चाला. आणखी एक गोष्ट ती प्रामाणिकपणे सांगते: खेळाडूला आपल्या स्क्रीन रीडरनं पडदा एकेक अक्षर आडवा आणि उभा चाचपता आला पाहिजे.

म्हणजे किंमत छापलेली आहे. ती माझ्या ‘हो’मध्ये नव्हती.

पण खरी गंमत पुढे आहे. नेटहॅकमध्ये अर्धविरामाचं बटण दाबून एखाद्या जागेवर कर्सर नेला की तिथे काय आहे ते गेम शब्दांत सांगतो. ‘डी’ नाही, ‘पाळीव कुत्रा’ किंवा ‘कोल्हा’. नव्या आवृत्त्यांत कर्सर हलवताना ‘एम’ दाबत गेलं की तो एकेका प्राण्यावर उडी मारतो, आणि एक सेटिंग चालू ठेवलं तर प्रत्येक उडीला वर्णन आपोआप येतं. म्हणजे ‘माझ्या आसपास कोण कोण आहे?’ हा प्रश्न विचारायची सोय आहे आणि उत्तर शब्दांत मिळतं. डोळस माणूस नजर टाकून जे करतो, तेच. शिवाय नेटहॅक पाळीपाळीनं चालतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत जग थांबलेलं असतं. तासभर नकाशा चाचपत बसलात तरी तुमच्या पात्राला भूक लागत नाही, कारण भूक खेळीवर मोजली जाते, घड्याळावर नाही. त्यामुळे हळू ऐकण्याची शिक्षा खेळात मिळत नाही.

तेव्हा नेटहॅकबद्दल माझं आजचं मत असं: गेम न्याय्य आहे, फक्त दाराशी चिखल फार आहे. सेटिंगची फाइल स्वतः लिहावी लागते आणि ती लिहायला कोण शिकवणार हे कुठेच ठरलेलं नाही.

आता टर्मिनलमधलाच दुसरा प्रकार बघा, म्हणजे ‘मजकूर’ या शब्दात किती वेगळ्या गोष्टी आपण कोंबतो ते दिसेल. विल क्राउदरनं 1970च्या दशकाच्या मध्यात गुहेच्या शोधावर एक गेम लिहिला आणि 1977 मध्ये डॉन वुड्सनं तो वाढवला. त्याचं नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’. नंतर ‘झॉर्क’ आणि त्या परंपरेतले शेकडो. इथे गेम तुम्हाला वाक्यात सांगतो की तुम्ही कुठे आहात, आणि तुम्ही वाक्यात उत्तर देता. लिनक्सवर हे खेळायला ‘फ्रॉट्झ’ लागतो. त्याचं एक साधं रूप आहे, ‘डीफ्रॉट्झ’, त्यातला ‘डी’ म्हणजे ‘डम्ब’, मठ्ठ. सजवलेलं रूप प्रत्येक चालीला वरची स्थितीची पट्टी नव्यानं रंगवतं. मठ्ठ रूप फक्त एकाखाली एक ओळी छापत जातं, आणि स्क्रीन रीडरला नेमकं तेच हवं असतं. माझ्या मित्राला हे नाव फार आवडलं.

हे गेम मजकुराचे आहेत हे खरं. पण इथेही माझा ‘हो’ जरा घाईचा होता. या गेममध्ये चक्रव्यूह असतात, आणि ते सोडवायला डोळस खेळाडू आलेखाच्या कागदावर नकाशा काढतात. गेमनं दिलेली माहिती दोघांना सारखीच, पण गेमच्या बाहेरचा कागद एकालाच उपयोगी. माझा मित्र शेजारी एक टेक्स्ट फाइल उघडून ‘खोली 3: उत्तरेला 5, खाली 1’ असं लिहीत जातो. चालतं, पण वेळ लागतो. आणि इंग्रजी. तो मराठी माध्यमातून आलेला. गेमला समजेल असं इंग्रजी क्रियापद शोधण्यात त्याचा जितका वेळ गेला, तितका कोडं सोडवण्यात गेला नाही. हा अडथळा त्याच्या डोळ्यांशी जोडलेला नाही, पण खेळताना तो वेगळा काढता येत नाही. मराठीत असा गेम लिहायचा म्हटलं तर लिनक्सच्या शुद्ध कन्सोलवर देवनागरीची जोडाक्षरं नीट दिसतच नाहीत, ग्राफिकल टर्मिनल किंवा ब्राउझर लागतो. बोलायला ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज मात्र आहे. यांत्रिक आहे, पण आहे.

चित्रांच्या गेमबद्दल फार लिहीत नाही. बहुतेकांची गोष्ट एकाच ओळीची आहे: ते आपली खिडकी स्वतः रंगवतात, ऑर्काला लागणारी ‘इथे बटण आहे, इथे यादी आहे’ अशी माहिती यंत्रणेला देत नाहीत, आणि ऑर्का खिडकीचं नाव सांगून गप्प बसतो. मुक्त स्रोत असल्यानं यात आपोआप काही सुधारत नाही. गोडो या गेम बनवायच्या मुक्त इंजिनाच्या 4.5 या आवृत्तीत, 2025 मध्ये, स्क्रीन रीडरसाठी प्राथमिक आधार आला. पण तो मुख्यतः मेनू आणि बटणांसाठी. मेनू वाचता येणं आणि गेम खेळता येणं यात तेवढंच अंतर आहे जेवढं हॉटेलचं मेन्यूकार्ड आणि जेवणात.

वाईन वापरून विंडोजचे ऑडिओ गेम लिनक्सवर चालवणं हाही एक रस्ता आहे, आणि बरेच अंध वापरकर्ते तो वापरतात. मी तो यादीतून काढला. गेम बंदिस्त, त्याचं बोलणं विंडोजच्या आवाजाशी बांधलेलं, आणि काही बिघडलं तर दुरुस्त करायचा अधिकार कोणालाच नाही. खेळायला हरकत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, इतकंच.

‘ऑडिओक्वेक’वर मात्र थांबायला हवं. क्वेक हा 1996 चा धावाधाव-गोळीबाराचा गेम. 1999 मध्ये त्याचा स्रोत खुला झाला आणि 2003 पासून एग्रिप नावाच्या प्रकल्पानं त्यावर आवाजाचा थर चढवला: भिंत जवळ आली, बाजूला वाट उघडली, पुढे कडा आहे, शत्रू कुठे आहे, यांचे वेगवेगळे आवाज. स्रोत खुला नसता तर हे घडलं नसतं. पण ऐकून बघा. डोळे एकाच वेळी भिंत, दार आणि शत्रू बघू शकतात. कानावर तीन इशारे एकदम आले की ते एकमेकांना झाकतात, आणि इथे जग थांबत नाही. माझा मित्र दोन संध्याकाळी खेळला आणि म्हणाला की डोकं दुखतंय. मला स्वतःला या प्रकल्पाचा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: त्यांनी खोल्यांचं वर्णन मजकुरात लिहून त्यावरून नकाशा तयार करायची भाषा केली, म्हणजे अंध खेळाडूला स्वतःची पातळी बांधता यावी. नुसतं खेळू देणं एक, आणि बांधू देणं वेगळं.

(एक वैतागाची गोष्ट, लिनक्सवर आवाजाचं काम करणाऱ्यांसाठी. कन्सोलवरचा बोलका वाचक यंत्रणेच्या पातळीवर चालतो आणि तुमचा ध्वनी सर्व्हर लॉगिनच्या पातळीवर. दोघांत एका साउंड कार्डावरून भांडण लागलं की गेम बोलतो तेव्हा वाचक गप्प, नाहीतर उलटं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी हे कळू नये अशी इच्छा असेल तर आदल्या दिवशी तपासा.)

साहित्य चाळताना मला उशिरा सापडलेल्या दोन गोष्टी तुम्हाला लवकर सांगते. बेई युआन, एल्के फोल्मर आणि फ्रेडरिक हॅरिस यांचा 2011 चा गेम-सुलभतेवरचा आढावा. ते खेळण्याचे तीन टप्पे पाडतात: संकेत मिळणं, काय करायचं ते ठरवणं, आणि ती कृती यंत्राला देणं. माझा ‘हो’ फक्त पहिल्या टप्प्याचा होता, तोही अर्धा. दुसरी गोष्ट, कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रायन स्मिथ आणि श्री नायर यांचं 2018 चं मोटारशर्यतीवरचं काम. ‘आता डावीकडे वळ’ असा हुकूम दिला की गेम अंध व्यक्तीला चालवता येतो, पण मग खेळाडू नुसता हुकूम पाळतो, ठरवत नाही. त्यांनी हेडफोनमधल्या आवाजांतून गाडीचा वेग आणि दिशा, येणाऱ्या वळणाचा कोन आणि लांबी इतकीच माहिती दिली आणि वळायचं कधी ते खेळाडूवर सोडलं. हे वाचल्यावर नेटहॅकमधल्या त्या अर्धविरामाचं महत्त्व मला कळलं.

आणि मग ईमॅकस्पीक. हा टी. व्ही. रामन यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केला. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, पुणे विद्यापीठात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र, आणि 1994 मध्ये कॉर्नेलमधून पीएच.डी. गणिताचा मजकूर आवाजातून कसा मांडायचा, यावर. आपल्या ‘लिटरेचर रिव्ह्यू’मध्ये पुण्याचा माणूस भेटला की उगाच बरं वाटतं, पण मी ते त्यासाठी सांगत नाहीये. ईमॅकस्पीक पडदा वाचत नाही. तो ईमॅक्सच्या आतल्या कामांना जोडून घेतो आणि काय घडलं ते सांगतो. ईमॅक्समधल्या सुडोकूत याचा फरक कळतो. स्क्रीन रीडरला ती नऊ ओळींची जाळी आहे आणि तो ती डावीकडून उजवीकडे वाचेल. उभा स्तंभ हवा असेल तर नशीब. ईमॅकस्पीकमध्ये एक बटण चालू ओळ सांगतं, दुसरं स्तंभ, तिसरं लहान चौकोन, आणि या ओळीत कुठले आकडे उरलेत तेही विचारता येतं. शेवटच्या सोयीबद्दल माझं थोडं दुमत आहे: ‘उरलेले आकडे’ सांगणं म्हणजे खेळाचा एक घास चावून देणं. मित्राचं म्हणणं, “तुम्ही डोळ्यानं एका क्षणात बघता ते. मी विचारलं तर फसवणूक?” यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, आणि प्रबंधात हा मुद्दा मी दोन्ही बाजूंनी लिहिणार आहे.

पद्धतीबद्दल एक कबुली. मित्राला यादी देण्याआधी मी स्वतः मॉनिटर बंद करून तासभर ‘चाचणी’ घेतली होती आणि ती टिपणवहीत नोंदलीही होती. त्या चाचणीतून एवढंच कळलं की मॉनिटर बंद केल्यावर मला काय जमत नाही. ज्याला मी न समजण्याइतक्या वेगानं ईस्पीक ऐकण्याची वर्षांची सवय आहे, त्याच्याबद्दल काहीच नाही. उलट जिथे मी अडले तिथे तो सहज गेला आणि जिथे मला काही जाणवलंच नाही (‘डी’चा रंग! मला गेम आधीपासून माहीत होता) तिथे तो मेला. ती नोंद मी खोडली नाही. तिच्यापुढे ‘वापरू नये’ असं लिहून ठेवलंय.

यादी आता एका पानावर आलीय. ‘अ‍ॅक्सेसिबल आहे का’ हा रकाना गेला. त्याजागी तीन प्रश्न आहेत: काय विचारता येतं, जग थांबतं का, आणि हरल्यावर खेळाडूला कारण सांगता येतं का. तिसऱ्याचं उत्तर मी लिहीत नाही, खेळणारा लिहितो. मॅडमना हा प्रश्न मोजायला अवघड वाटतो, आणि तो अवघड आहेच. सध्या प्रत्येक हरण्यानंतर खेळाडूनं सांगितलेलं कारण आणि गेमच्या नोंदीतलं कारण जुळतं का, एवढं बघतेय.

मित्र आता नेटहॅकमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत जातो. परवा मेला तेव्हा थडग्यापर्यंत थांबलाही नाही, हेडफोन काढून सरळ म्हणाला, “माझीच चूक. भूक लागली म्हणून शिळं मढं खाल्लं.” गेमची नोंद पाहिली. कारण तेच होतं.